ह्यूम कुटुंबाची मराठी मुळे

रॉबर्ट विल्डर ह्यूम आणि त्यांची पत्नी हॅना हे अमेरिकन मिशनरी दांपत्य 1839 मध्ये मुंबईत उतरले. मराठी शिकत त्यांनी इथेच संसार थाटला, मुले झाली. 1854 मध्ये प्रकृती ढासळल्याने कुटुंब मायदेशी निघाले. पण रॉबर्ट वाटेतच, समुद्रावर वारले. हॅनाबाईंनी अमेरिकेत एकटीने मुलांना वाढवले आणि शिकवले. या कथेतले सर्वांत मोठे धैर्य त्यांचेच म्हणावे लागेल.

विशेष म्हणजे दोन मुलगे परतले!

भायखळ्यात जन्मलेले रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम 1874 मध्ये अहमदनगरला आले आणि जवळजवळ अर्धशतक तिथे राबले. 1878 मध्ये त्यांनी धर्मशिक्षणाची शाळा सुरू केली. दुष्काळात उपाशी माणसांसाठी त्यांनी अमेरिकेतून मदत मिळवली, अनाथ मुलांना आसरा दिला. त्या कामासाठी त्यांना ‘कैसर-ए-हिंद’ पदक मिळाले. त्यांच्या पत्नी केटी फेअरबँक याही नगर जिल्ह्यातल्याच मिशनरी कुटुंबातल्या. असे एकेक घर या मातीत खोल रुजत गेले. धाकटे बंधू एडवर्ड यांनी मुंबईत शाळा चालवली.

पुढची पिढी आणखी दूर गेली. रॉबर्ट अ‍ॅलन यांचे पुत्र रॉबर्ट अर्नेस्ट यांनी तेरा उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद केला; तो 1921 मध्ये प्रसिद्ध झाला. एडवर्ड यांचे पुत्र डॉ. एडवर्ड हिक्स ह्यूम, जन्म अहमदनगरचा. ते पत्नी लोटा यांच्यासह चीनमधल्या चांगशा शहरी स्थायिक झाले आणि 1906 मध्ये त्यांनी तिथे पाश्चात्त्य वैद्यकाचे रुग्णालय उघडले.