भाड्याच्या वाहनात होणारा अत्याचार आणि प्रवाशापुढील कायदेशीर मार्ग

(पेडणे व डिचोली तालुक्यांतील ग्रामस्थ, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय चारचौघांत उच्चारण्याचा नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. या समजुतीचा लाभ आजवर केवळ गुन्हेगाराला झालेला आहे. म्हणून थोडे स्पष्ट बोलावे लागेल. त्याबद्दल श्रोत्यांनी राग मानू नये.

मोप्याच्या विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमाने ये-जा करू लागली आणि पेडणे तालुक्याची रात्र बदलली. पूर्वी दिवेलागणीनंतर ज्या रस्त्यांवर चिटपाखरू दिसत नसे, तेथून आता अपरात्री टॅक्सी धावतात. त्यांत हरमल-मांद्र्याकडे जाणारे पर्यटक असतात, तसेच सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडे घरी परतणाऱ्या आपल्याच लेकीसुनाही असतात. डिचोली, साखळीच्या मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी उशिरापर्यंत बाहेर राहतात. कोणी पायलटच्या मागे बसते, कोणी ओळखीच्या टॅक्सीवाल्याला हाक मारते, तर कोणी 2018 साली सुरू झालेल्या ‘गोवा माइल्स’सारख्या सेवेतून फोनवर गाडी मागवते. या वाहनचालकांपैकी बहुसंख्य लोक कष्टाने कुटुंब पोसणारे आहेत, आणि अडल्या-नडलेल्या प्रवाशाला त्यांनी किती वेळा हात दिला आहे, हे मी आपणांस सांगावयास नको. तथापि, बंद गाडीत, अनोळखी रस्त्यावर, सुकाणू दुसऱ्याच्या हाती असताना प्रवासी स्त्री किती असहाय असते, याचा विचार कायद्याने केलेला आहे. तो आपल्यालाही ठाऊक असला पाहिजे.

प्रथम पंजाबातील एक खटला सांगतो. 1984 सालच्या मार्च महिन्यात दहावीची परीक्षा देऊन परतणाऱ्या एका खेड्यातील मुलीला तिघांनी मोटारीत ओढून नेले, रात्रभर तिच्यावर अत्याचार केला आणि सकाळी परत आणून सोडले. मुलीच्या वडिलांनी सरपंचांकडे धाव घेतली, पंचायत बसली, पण तिच्यातून काही निष्पन्न झाले नाही, आणि या खटपटीत तक्रार नोंदवण्यास विलंब झाला. कनिष्ठ न्यायालयाने 1985 साली आरोपींना सोडून दिले. कारणे काय दिली, तर तक्रार उशिरा आली. आणि मोटार फियाट होती, अँबॅसडर होती की आणखी कोणती, हे मुलीला सांगता आले नाही! सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 1996 रोजी हा निकाल फिरवला. खेड्यातील शाळकरी मुलीला मोटारींच्या जाती ओळखता येणे वा न येणे हे पूर्णतः गैरलागू आहे, घराण्याच्या अब्रूच्या विचाराने कुटुंबीय तक्रारीला उशीर करतात हे न्यायालयाने समजून घेतले पाहिजे, आणि पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिला दुसऱ्या पुराव्याची जोड मिळालीच पाहिजे असे नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अशा खटल्यांची सुनावणी बंद दालनात व्हावी, यावरही या निकालात भर देण्यात आला. गुरमीत सिंग खटला या नावाने तो प्रसिद्ध आहे.

या खटल्यात गावकऱ्यांना घेण्यासारखे बरेच आहे. पंचायत बसवणारे लोक दुष्ट नव्हते. प्रकरण गावातल्या गावात मिटावे, एवढीच त्यांची इच्छा असावी. परंतु बलात्कार आणि विनयभंग हे गुन्हे आपसांत मिटवण्याचे नव्हेत, कायदा तशी मुभाच देत नाही. पंच, सरपंच, युनियनचा पुढारी किंवा देवळाचा महाजन यांपैकी कोणीही ‘काहीतरी घे आणि गप्प बस’ असे सांगू लागला, तर तो पुरावा नष्ट होण्यास हातभार लावतो, हे त्याने ध्यानात ठेवावे.

1 जुलै 2024 पासून जुन्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तिच्या कलम 64 अन्वये बलात्कारास किमान दहा वर्षे सश्रम कारावास आणि कमाल जन्मठेप आहे. चालकाने अंगाला हात लावणे, ओढणे, विनयभंगाच्या हेतूने बळाचा वापर करणे यासाठी कलम 74 खाली एक ते पाच वर्षे शिक्षा आहे. अश्लील मागणी, अश्लील चित्रे दाखवणे, लज्जास्पद शेरे हे कलम 75 आणि 79 मध्ये येतात. उतरून गेल्यावर चालक फोन क्रमांकाचा उपयोग करून पुन्हा पुन्हा संपर्क साधू लागला, तर तो पाठलागाचा गुन्हा होतो. तेव्हा ‘काही झाले तर नाही ना, मग कशाला तक्रार?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. अर्ध्या वाटेवरचा गुन्हा हादेखील गुन्हाच. पीडितेने प्रतिकार केला नाही म्हणजे तिची संमती होती, असेही आता मानता येत नाही. हे तत्त्व कायद्यात येण्यामागे महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्याच्या देसाईगंज पोलीस ठाण्यात 1972 साली घडलेले प्रकरण आहे. त्यातील आरोपी सर्वोच्च न्यायालयातून सुटले, देशभर क्षोभ उसळला आणि 1983 साली कायदा बदलावा लागला.

एका उणिवेचा उल्लेख येथेच केला पाहिजे. बलात्काराची व्याख्या केवळ स्त्रीपुरती आहे, आणि जुने कलम 377 नव्या संहितेत नाही. त्यामुळे प्रौढ पुरुष प्रवाशावर असा प्रसंग आला, तर त्याला दुखापत, कोंडून ठेवणे, धमकी अशा कलमांचाच आधार घ्यावा लागतो. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, त्यांना मात्र 2012 च्या पोक्सो कायद्याचे समान संरक्षण आहे.

आता आपल्या सीमाभागाचा एक खास प्रश्न. गाडी मोप्याहून निघाली, पत्रादेवी ओलांडून बांद्याच्या बाजूला गेली आणि वाटेत कोठेतरी अंधारात प्रकार घडला. जागा गोव्यात होती की महाराष्ट्रात, हे त्या स्त्रीने कसे सांगावे? डिचोलीहून दोडामार्गच्या रस्त्यावरही तेच. कायद्याचे उत्तर असे की, तिने ते सांगण्याची गरजच नाही. गुन्हा कोठेही घडो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे ज्या ठाण्यात ती जाईल तेथे तक्रार नोंदवली गेलीच पाहिजे, आणि नंतर ती योग्य ठाण्याकडे पाठवणे हे पोलिसांचे काम आहे. प्रवासात घडलेल्या गुन्ह्याचा खटला तर त्या प्रवासाच्या वाटेवरील कोणत्याही हद्दीच्या न्यायालयात चालू शकतो. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे सांगून परत पाठवणाऱ्या, या प्रकारच्या गुन्ह्याची खबर न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यालाच कलम 199 खाली सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. येथे बसलेल्या पोलीस बांधवांना हे ठाऊक आहेच. मी ते ग्रामस्थांसाठी सांगतो. तक्रार स्त्री अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावयाची असते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात दाद लागली नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे आणि तेथेही उपेक्षा झाली तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, जवळच्या माणसाच्या उपस्थितीत घ्यावयाचा असतो.

पहिले काही तास फार मोलाचे असतात. जीव सुरक्षित होताच 112 किंवा महिलांसाठीच्या 181 या क्रमांकावर फोन करावा. आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ते प्लास्टिकच्या नव्हे, कागदाच्या पिशवीत ठेवावेत, कारण प्लास्टिकमध्ये ओलाव्याने पुरावा कुजतो. अर्थात, ज्या मुलीने घरी येऊन आधी अंगावर पाणी घेतले, तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि तेवढ्याने तिचा खटलाही बुडत नाही. गाडीचा क्रमांक आठवत असेल तेवढा लिहून काढावा. पेडण्याच्या गाड्यांवर ‘जीए 11’ आणि डिचोलीच्या गाड्यांवर ‘जीए 04’ असते; पुढचे दोनच आकडे आठवले तरी शोधाला दिशा मिळते. फोनवरून गाडी मागवलेली असेल, तर भाड्याची पावती, चालकाचे नाव आणि मार्गाचा नकाशा यांचे चित्र फोनमध्ये जपून ठेवावे. कंपनीकडील नोंदी व विमानतळावरील कॅमेऱ्यांतील चित्रण कायमचे राहत नाही, म्हणून ते राखून ठेवण्याची मागणी तक्रारीतच लेखी करावी.

इस्पितळ सरकारी असो वा खाजगी, पीडितेवर ताबडतोब आणि विनामूल्य उपचार करणे त्याला बंधनकारक आहे. पोलिसांचे पत्र आणा, असे सांगून परत पाठवता येत नाही. एचआयव्हीच्या लागणीपासून बचावाची औषधे 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, त्यामुळे लाजेने दिवस घालवणे प्रकृतीला घातक आहे. ‘दोन बोटांची तपासणी’ म्हणून जो अपमानकारक प्रकार चालत असे, तो करणारा वैद्यक गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली बजावले आहे.

चालक तुरुंगात गेला म्हणजे प्रश्न संपला काय? ज्याने त्याला गाडीवर बसवले, त्याचे उत्तरदायित्व काय? पुण्यात 2007 साली एका कंपनीच्या नोकरदार तरुणीला रात्रपाळीला नेण्यासाठी आलेल्या कंत्राटी गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून ठार मारले. त्यांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली कायम केली होती; पुढे अंमलबजावणीतील विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती 35 वर्षांच्या कारावासात बदलली. दिल्लीत 5 डिसेंबर 2014 च्या रात्री उबरच्या चालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला. त्याच्यावर आधीचे गुन्हे होते आणि त्याचा चारित्र्याचा दाखला खोटा होता. अकरा महिन्यांच्या आत, नोव्हेंबर 2015 मध्ये, त्याला आजन्म कारावास झाला. त्या तरुणीने कंपनीविरुद्ध अमेरिकेतील न्यायालयात दिवाणी दावाही लावला आणि तो त्याच वर्षी तडजोडीने मिटला. याच कंपनीने पुढे आपल्या अहवालात, अमेरिकेत 2017 आणि 2018 या दोन वर्षांत लैंगिक अत्याचाराच्या 5,981 तक्रारी आल्याचे नमूद केले. हा रोग एका देशाचा नाही.

आपल्या देशात ही बाब अद्याप पुरती स्थिरावलेली नाही. बेंगळुरूच्या एका महिला प्रवाशाने 2018 मधील प्रसंगावरून ओला कंपनीविरुद्ध दाद मागितली. चालक हे कंपनीचे कर्मचारीच समजले पाहिजेत, असे सांगून कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एक-सदस्यीय पीठाने सप्टेंबर 2024 मध्ये पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. परंतु पुढच्याच महिन्यात खंडपीठाने त्यास स्थगिती दिली. म्हणून या निकालावर भिस्त ठेवून बसू नये. त्याहून पक्का आधार नोकरदार स्त्रियांना आहे. मालकाने पुरवलेले वाहन हे 2013 च्या कायद्याप्रमाणे कामाचे ठिकाणच मानले जाते, आणि तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे, ती नसल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हॉटेल किंवा कारखान्याची गाडी ज्यांना नेते-आणते, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. भाडे देणारा प्रवासी हा ग्राहक आहे; चालकाची पडताळणी न करता गाडी पाठवली असेल, तर सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्गही मोकळा आहे. टॅक्सीच्या भाड्याएवढ्या रकमेवर तेथे शुल्क लागत नाही. शिवाय वाहतूक खात्याकडे स्वतंत्र अर्ज करावा: दखलपात्र गुन्ह्यात वाहन वापरणाऱ्याचा परवाना रद्द करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 मध्ये आहे, आणि त्यासाठी खटल्याच्या निकालापर्यंत थांबावे लागत नाही.

वकिलाच्या खर्चाची धास्ती अनेकांना मागे ओढते. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. तसेच 2018 च्या राष्ट्रीय योजनेप्रमाणे बलात्काराच्या पीडितेस चार ते सात लाख रुपये भरपाई देता येते. आरोपी सापडला नसला तरीही अर्ज करता येतो, आणि निकालापूर्वी अंतरिम मदतही मागता येते. दुर्दैवाने हा अर्ज करणारे थोडे, कारण सांगणारे थोडे. ग्रामपंचायतीच्या फलकावर एवढ्या दोन ओळी लिहिल्या तरी पुष्कळ काम होईल.

शेवटी शिक्षकांसाठी. रिक्षातून किंवा व्हॅनमधून येणारे मूल अचानक ‘त्या काकांच्या गाडीत मी बसणार नाही’ असे म्हणू लागले, तर त्याला दटावून बसवू नका, शांतपणे विचारा. संशय आला तर मुख्याध्यापकांच्या परवानगीची वाट पाहू नका, कारण पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कळवण्याचे कर्तव्य प्रत्येकावर आहे आणि न कळवणे हाच गुन्हा आहे. मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे, आणि 2003 च्या गोवा बाल कायद्याने स्थापन झालेले स्वतंत्र बाल न्यायालय आपल्या राज्यात आहे. मुलाचे, त्याच्या शाळेचे किंवा घराचे नाव मात्र शिक्षककक्षातही उच्चारू नका. पीडितेची ओळख उघड करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि फोनवरून बातमी पुढे ढकलणाराही त्यातून सुटत नाही.