टंचाई आणि लस



आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. लसीचे शास्त्र डॉक्टरांनी सांगावे. रांगेविषयी मात्र चार शब्द बोलण्याचा आम्हांस अधिकार आहे. रॉकेलच्या रांगेतच आमचे बालपण गेले. दुकानदाराने 'संपत आले' म्हणावयाचा अवकाश, की घरी डबा भरलेला माणूसही रिकामा डबा शोधून रांगेत येई.

२०२१ साली तोच अनुभव लसीचा आला. १ मार्चपासून वृद्धांना आणि पंचेचाळिशीपुढील व्याधिग्रस्तांना लस खुली झाली. खरवईच्या कारखान्यांतील मधुमेही कामगारांना आम्ही विनवीत होतो. उत्तर येई, "दादा, आधी तुम्ही घ्या, मग बघू." एप्रिलात साथ भडकली आणि साठाही आटला. ३० एप्रिलपासून मुंबईत तीन दिवस लसीकरण बंद राहिले. तेच कामगार रात्री दारात येऊन म्हणू लागले, "दादा, कुठेतरी नंबर लावून द्या." साथीची भीती खरीच होती, पण 'शेजाऱ्याला मिळाली, आपण राहिलो' ही भीती तिच्याहून जोरकस होती.

टंचाईने मागणी वाढते, न्याय वाढत नाही. मे महिन्यात तरुणांची नोंदणी मोबाईलवरच होई आणि जागा बघता बघता भरत. त्या वेळी ठेकेदारीवरचा पोरगा यंत्रापुढे उभा असे. त्याला रजा म्हणजे बुडालेला रोज.

आता आमची चूक सांगतो. पुढे पुरवठा सुधारला, तेव्हा आम्हीच फलकावर लिहिले, 'फक्त पन्नास टोकन.' गर्दी लोटली. आम्ही खूश झालो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच फलक. एक कामगार हसून म्हणाला, "दादा, संपणारी लस दर आठवड्याला कशी येते?" कोव्हिशील्डचा दुसरा डोस त्या काळी चौऱ्याऐंशी दिवसांनी होता. तो दिवस आला, तेव्हा पुष्कळजण फिरकलेच नाहीत. ते टोकनासाठी आले होते; दुसरा डोस कशासाठी, हे आम्ही कधी समजावलेच नव्हते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारला 'हर घर दस्तक' देत दारोदार जावे लागले. जुलै २०२२ पासून प्रौढांना तिसरा डोस पंचाहत्तर दिवस फुकट होता; तरी रांग लागली नाही.

मुंबईत प्लेगच्या साथीत हाफकीन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःस टोचून घेतली. 'आधी तुम्ही घ्या' या प्रश्नाला तेच उत्तर होते. टंचाई माणसाला एकदा रांगेत आणते. दुसऱ्यांदा त्याला आणतो तो विश्वास. आणि तो फलकावर लिहून मिळत नाही, हे आम्ही उशिरा शिकलो.