तळहाताआडचा दिवा



गेल्या श्रावणांत कोयनानगर येथें एका स्नेह्यांच्या घरीं मी मुक्कामाला होतों. सांजवेळीं पाऊस कोसळूं लागला आणि वीज गेली. १९६२ सालापासून ज्या खोऱ्यानें महाराष्ट्राला वीज पुरविली, त्याच्याच कुशींत अंधार! आम्हांला हंसूं आलें. घरांतल्या आजी मात्र हंसल्या नाहींत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटेचा भूकंप त्यांनीं सोसलेला होता. त्यांनीं देवघरांतलें निरांजन उचललें आणि ज्योतीआड तळहात धरून त्या माजघरांत आल्या. बोटांच्या कडा लाल झाल्या. मागच्या भिंतीवर मोठी थोरली सावली हलूं लागली. मला तत्क्षणीं म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील एका चित्राची आठवण झाली.

तें चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचें. ‘ग्लो ऑफ होप’ या इंग्रजी नांवानेंच तें अधिक परिचित आहे. सावंतवाडींत १८८२ सालीं जन्मलेल्या या चित्रकारानें १९४५-४६ च्या सुमारास, आपल्या कन्येलाच समोर उभें करून, तें रंगविलें. एक स्त्री हातांत दिवा घेऊन उभी आहे. दुसरा हात तिनें ज्योतीआड धरला आहे. एवढाच प्रसंग. पुष्कळ लोक हें चित्र राजा रविवर्म्याचें समजतात. वास्तविक रविवर्मा १९०६ सालींच निवर्तला होता.

अशीच चुकामूक युरोपांतहि घडली. सतराव्या शतकांत लोरेन प्रांतांत जॉर्ज द ला तूर नांवाचा चित्रकार होऊन गेला. मेणबत्तीच्या उजेडांतील त्याचीं चित्रें दुसऱ्यांच्या नांवावर खपत होतीं. १९१५ सालीं हेर्मान फोस या जर्मन पंडितानें त्याची ओळख पुन्हां पटविली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत त्याचें एक चित्र आहे. वृद्ध जोसेफ सामत्यानें तुळईला भोंक पाडीत आहे आणि बाल येशू मेणबत्ती धरून उभा आहे. ज्योतीआड धरलेला त्याचा हात आंतून उजळल्यासारखा दिसतो. तुळई पाहून भाविकाला पुढचा क्रूस आठवतो. प्रकाशाचा रक्षक तें बालक, आणि सावलींत वांकलेला वृद्ध.

बोटें लालच कां दिसतात? प्रकाशांतील हिरवा व निळा भाग रक्त शोषून घेतें. तांबडा तेवढा पार होतो. म्हणजे दिवा हाताला उजळतो तो त्यांतील रक्ताच्याच रंगानें.

परंतु दोघांच्या साधनांत मोठा भेद आहे. ला तूर तैलरंगांत काम करी. तेथें काळोखावर मागाहून उजेड चढवितां येतो. हळदणकरांनीं जलरंग घेतला. पारदर्शक जलरंगांत शुभ्रता म्हणजे कोरा कागद. ज्योतीची जागा पहिल्या हातापासून मोकळी ठेवावी लागते आणि तिच्याभोंवतीं छायेचे थर एकावर एक द्यावे लागतात. एक ओघळ भलतीकडे गेला तर पुन्हां सांवरणें कठीण. येथें उजेड लावायचा नसतो, राखायचा असतो. चित्रांतली स्त्री जें हातानें करते, तेंच चित्रकाराला कुंचल्यानें करावें लागतें.

सावलीला आपण अशुभ मानतों. या चित्रांत तसें वाटत नाहीं. भिंतीवरची ती छाया ज्योत जवळ आहे याचीच साक्ष देते. शिवाय, ज्या तळहातानें वारा अडतो त्यानेंच थोडा उजेडहि अडतो. रक्षणाची एवढी किंमत द्यावीच लागते.

त्या सायंकाळीं आजींनीं निरांजन टेबलावर ठेवलें नाहीं. एकेकाच्या तोंडाजवळ तें नेऊन, सारीं माणसें जागच्या जागीं आहेत ना, हें त्यांनीं पाहिलें. मग म्हणाल्या, “अंधारांत आधीं माणसं मोजावीं, बाबा.” १९६७ च्या त्या पहांटेपासूनची ही त्यांची संवय, हें मला मागाहून समजलें.

म्हैसूरला जाणें झालें तर तें चित्र अवश्य पाहा. ज्योतीकडे तर दृष्टि जाईलच. परंतु क्षणभर त्या आड धरलेल्या हाताकडेहि पाहा.