शेवटच्या बाकाचे अंदाजपत्रक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात 1983 च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेले मनोगत)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि नोकरीतल्या गमतीजमती सांग असं बजावलं आहे. पस्तीस वर्षं नगरपरिषदांमध्ये लेखापाल म्हणून काढलेल्या माणसाकडे गमती फार नसतात, फायली असतात. त्यातल्या एका फायलीबद्दल बोलणार आहे. पण सुरुवात आपल्या वर्गापासून करतो.

आठवी ‘ब’चा वर्ग आठवा. खिडकीकडची रांग, शेवटचा बाक. तिथे बसणारा आपला मित्र कोण, हे तुमच्या लक्षात आलं असेल. परवा त्याच्या दुकानात जाऊन मी त्याला विचारलं, “तुझ्याबद्दल बोलू का?” तो म्हणाला, “बोल. पण नाव नको, आणि लांबवू नकोस.” तेव्हा नाव घेत नाही.

त्याला वाचता येत नसे. ‘कमळ’ला तो ‘मकळ’ म्हणायचा, इंग्रजीतला बी आणि डी त्याला कधीच वेगळा दिसला नाही. पण तोंडी हिशेबात तो गणिताच्या सरांच्या आधी उत्तर द्यायचा. सायकलची साखळी उतरली तर मुख्याध्यापकसुद्धा त्यालाच बोलावत. एकदा त्याचा मराठीचा पेपर माझ्या हाती लागला आणि मधल्या सुट्टीत मी तो त्याच्या आवाजात सगळ्यांना वाचून दाखवला. तुम्ही हसलात. तोही हसला. 1981 साली तो आठवीत नापास झाला आणि जूनमध्ये शाळेत आलाच नाही.

मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुमचा दोष नव्हता. तुम्ही त्याला शाळा सुटल्यावर थांबवून बाराखडी गिरवून घ्यायचात, ते मी पाहिलं आहे. त्या वेळी आपल्याकडे त्या अडचणीला नावच नव्हतं. ‘तारे जमीन पर’ आला 2007 साली, तेव्हा कुठे घराघरात डिस्लेक्सिया हा शब्द पोचला. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातही तो नव्हता. त्या कायद्यात सातच प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यात अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता आली. आपल्या मित्राला कायद्यानं ओळखलं तेव्हा तो पन्नाशीला आला होता.

आता फायलीकडे येतो. गाव आपलं नाही, दुसऱ्या तालुक्यातलं आहे. त्याचंही नाव घेत नाही.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला, म्हणजे ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत, स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. पूर्वी ते तीन टक्के होते. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी वगैरे. सरकारी अनुदान त्यात धरत नाहीत. समजा एखाद्या नगरपरिषदेचं असं उत्पन्न चार कोटी असेल, तर वीस लाख झाले. लहान गावाला ही रक्कम थोडी नाही.

मी जिथे होतो तिथे या पैशाचं काय व्हायचं? वर्षभर काही नाही. फेब्रुवारीत अंदाजपत्रकाच्या सभेत एक ओळ वाचली जायची, ‘दिव्यांग कल्याण, पाच टक्के’, आणि पुढची ओळ गटारांची. मार्च उजाडला की धावपळ. नोंदणीकृत दिव्यांगांची यादी काढायची, रकमेला यादीतल्या संख्येनं भागायचं आणि सर्वांच्या खात्यावर सारखी रक्कम टाकायची. निधी खर्च, फाईल बंद. ज्यांना ते पैसे मिळत ते गरजूच होते, त्यांच्या हक्काचे होते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या यादीत लहान मुलं जवळजवळ नसायची, कारण यादीत यायला प्रमाणपत्र लागतं. जे मूल बोलत नाही किंवा ज्याला अक्षर ओळखता येत नाही, त्याचं प्रमाणपत्र आमच्या तालुक्यात मिळत नसे. त्यासाठी जिल्ह्याला खेटे घालावे लागत. रोजंदारीवरची आई किती खेटे घालणार?

2019 सालच्या मार्च महिन्यात अशीच एक आई माझ्या टेबलासमोर उभी राहिली. सात वर्षांचा मुलगा बरोबर. तो बोलत नव्हता, टेबलावरचे माझे रबरी शिक्के एका ओळीत लावत होता. ती म्हणाली, “साहेब, मला पैसे नकोत. जिल्ह्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा याला बोलायला शिकवतात. जायला-यायला दिवस जातो आणि मजुरी बुडते. नगरपालिकेनं फक्त गाडीचं बघावं.” मी तिला जे उत्तर दिलं ते मी नोकरीत हजारदा दिलं असेल. म्हणालो, “ताई, त्याला लेखाशीर्ष नाही.” ती गेली. मुलानं लावलेली शिक्क्यांची ओळ तशीच राहिली. त्या दुपारी मला मधल्या सुट्टीतलं ते पेपरवाचन आठवलं.

लेखाशीर्ष नाही, हे खरंच होतं. पण लेखाशीर्ष आकाशातून पडत नाही. आदल्या हिवाळ्यात कुणीतरी टिपणी लिहिली, तर फेब्रुवारीत ते अंदाजपत्रकात येतं. ती टिपणी लिहिण्याचं काम माझ्यासारख्याचंच होतं. मी ती कधी लिहिली नव्हती.

मग त्या वर्षी मी कायदा काढून वाचला. आधी वाचायला हवा होता, पण लेखापाल खर्चाची मंजुरी वाचतो, कायदा वाचत नाही. 2016 च्या कायद्याच्या कलम 17 मध्ये लिहिलं आहे की शासनानं आणि स्थानिक प्राधिकरणानं दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करायची, दिव्यांग मुलं शोधायची, त्यांच्या गरजा काय आणि त्या कितपत भागतात हे बघायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 नुसार आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं हेही स्थानिक प्राधिकरणाचंच काम. म्हणजे गावात अशी मुलं किती, हे नगरपरिषदेला माहीत असणं बंधनकारक. आम्हाला गावात नळजोडण्या किती हे तोंडपाठ होतं. मुलं किती, ते माहीत नव्हतं.

आकडा कुठेच नव्हता असंही नाही. तो तीन ठिकाणी होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 2013 पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलं तपासतं. त्यांची एक यादी. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांची दुसरी. अंगणवाडीताईंच्या वहीत तिसरी. आरोग्य विभागाची यादी आरोग्याकडे, शिक्षणाची शिक्षणाकडे. मी त्या तिन्ही मागवून घेतल्या आणि मार्चअखेरच्या ताळमेळासारख्या एकाखाली एक मांडल्या. जुळेनात. एका यादीतलं मूल दुसरीत नाही. काही मुलं दोन यादींत दोन वेगळ्या नावांनी. आणि ती शिक्के मांडणारा मुलगा एकाही यादीत नाही, कारण तो अंगणवाडीत टिकला नव्हता आणि शाळेत गेलाच नव्हता.

अंगणवाडीताई आणि विशेष शिक्षिका यांनी घरोघर जाऊन ती यादी पुरी केली. श्रेय त्यांचं आहे, मी फक्त रकाने आखले. पण रकाने कसे आखतो यावर पुष्कळ अवलंबून असतं. पूर्वीच्या तक्त्यात नाव, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी एवढंच असायचं. आम्ही लिहिलं: मुलाला काय हवं, कोण देणार, कोणत्या वारी, आणि पैसे कुठून. एकाला चष्मा हवा होता. एकीला वर्गात जायला उतार हवा होता, दोन पायऱ्यांमुळे ती घरी बसली होती. चार-पाच जणांना बोलण्याचे उपचार हवे होते. दिव्यांगत्वाचा प्रकार सारखाच, पण गरज प्रत्येकाची निराळी. सगळ्यांना सारखी रक्कम वाटणं मला तोवर न्याय्य वाटायचं. तो तक्ता बघितल्यावर वाटेनासं झालं.

समग्र शिक्षा योजनेत अशा मुलामागे केंद्राची वर्षाला साडेतीन हजारांपर्यंत तरतूद असते. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलींचा दरमहा दोनशे रुपये भत्ता त्यातलेच. तेवढ्यात उपचारतज्ज्ञ येत नाही. म्हणून जे तिथून मिळतं ते तिथून घ्यायचं आणि उरलेलं पाच टक्क्यांतून सामूहिक लाभ म्हणून करायचं, अशी मांडणी केली. नगरपरिषदेच्याच शाळेतली एक खोली, आठवड्यातून एक दिवस जिल्ह्याहून वाचा उपचारतज्ज्ञ, आणि गावात ने-आण करायला रिक्षा. एका आईनं मूल घेऊन जिल्ह्याला जाण्यापेक्षा एका तज्ज्ञानं गावात यावं, हे हिशेबालाही स्वस्त पडतं.

सभेत एका सदस्यांनी विचारलं, “एवढ्याशा मुलांसाठी एवढा खर्च?” दुसरे म्हणाले, वाटप कमी झालं तर लोक आमच्या दारात येतील. त्यांचंही अगदी खोटं नव्हतं. शेवटी वाटपाचा मोठा भाग तसाच ठेवून उरलेल्यात खोली आणि तज्ज्ञ मंजूर झाले. पुढच्या वर्षी करोना आला आणि खोलीला कुलूप लागलं. ती पुन्हा उघडली, तेव्हा लेखापरीक्षकांनी रिक्षाभाड्यावर आक्षेप काढला: ‘सदर खर्च अनुज्ञेय कसा?’ मी कलम 16 चा दाखला लिहून पाठवला. दिव्यांग मुलांना, आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्या सोबत्यालाही, प्रवासाची सोय द्यावी, असं त्या कलमात स्पष्ट आहे. आक्षेप निघाला. आयुष्यात मी शेकडो आक्षेपांची उत्तरं लिहिली. हे एकच उत्तर लिहिताना मजा वाटली.

सगळं साधलं असं समजू नका. तज्ज्ञ बदलतात, मध्येच दोन-तीन महिने कुणी येत नाही. तो मुलगा आता शाळेत जातो, पण सलग बोलत नाही. पाणी, घर, आई असे सुटे शब्द बोलतो. त्याच्या आईला मी म्हणालो, “ताई, उशीर झाला.” ती म्हणाली, “साहेब, तुम्हाला झाला. मी तर तीन वर्षांचा असल्यापासून सांगत होते.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

आता आपल्या गावाबद्दल. शाळेला नवी प्रवेश-कमान बांधून द्यायचं आपण ठरवतो आहोत. मी वर्गणी दिली आहे, कमानीला माझा विरोध नाही. पण कमानीतून आत गेल्यावर ऑफिसच्या तीन पायऱ्या आहेत, आणि सकाळी त्याच चढताना बाईंना आपण दोघांनी हात धरून आणलं. तेव्हा कमानीबरोबर उताराचा खर्चही धरावा, ही पहिली विनंती.

दुसरी विनंती पैशांची नाही. फेब्रुवारीत आपल्या नगरपरिषदेचं अंदाजपत्रक होईल. त्याआधी, डिसेंबर-जानेवारीतच, आपण दहा-पंधरा जणांनी सह्या करून मुख्याधिकाऱ्यांना एक अर्ज द्यावा. त्यात एवढंच विचारावं: गावात विशेष गरजा असणारी मुलं किती, त्यांची यादी कुणाकडे आहे, आणि पाच टक्क्यांतला किती भाग त्यांच्यासाठी, कोणत्या कामाला धरला आहे. अर्जाची पोच घ्यावी. आपल्यात दोन डॉक्टर आहेत, एक वकील आहे, निवृत्त शिक्षक तर सहा आहेत. यादी करायला मनुष्यबळ कमी नाही. रकाने आखायला मी येतो.

आपला मित्र आत्ता मागच्या रांगेत बसला आहे, आजही मागेच. त्याच्या दुकानात आज चार माणसं कामाला आहेत. लोक म्हणतात, शिकला नाही तरी काही अडलं नाही. मी परवा त्याला तेच म्हणालो. तो जरा वेळ पान्हा पुसत राहिला आणि म्हणाला, “अडलं नाही कसं? नातीनं गोष्टीचं पुस्तक आणून दिलं की मी चष्मा सापडत नाही म्हणतो.”

मित्रा, त्या दिवशीच्या पेपरवाचनाबद्दल पंचेचाळीस वर्षांनी, सगळ्यांसमोर, तुझी माफी मागतो. लांबवू नकोस म्हणाला होतास, म्हणून इथेच थांबतो.