तोंडदेखला विरोध

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत म्हसवड येथे दिलेले भाषण)



आजच्या माझ्या भाषणाचा विषय जरा आडवळणाचा आहे. युद्ध कोण करते, यावर पुष्कळ बोलले जाते. युद्धाला विरोध करतो असे सांगणारे प्रत्यक्षात काय करतात, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. मला आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे. सत्ताधाऱ्यांवरचा माझा राग जुना आहे, त्याची आता सवय झाली आहे. विरोधकांवरचा राग मात्र दर वेळी नव्याने येतो, कारण त्यांच्याकडून दर वेळी काहीतरी आशा असते.

विषयाचा उगम आपल्या घरातल्याच एका ग्रंथात आहे. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा बाबासाहेबांनी त्यात नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा साधा सवाल होता. गोव्याच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनीही 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथात १९४० साली हीच शंका काढली होती. मग गृहत्यागाचे कारण कोणते? बाबासाहेब सांगतात, रोहिणी नदीचे पाणी.

पाण्यावरून भांडण कसे पेटते हे माणदेशातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. माणगंगा वर्षातले किती महिने कोरडी असते हे इथे बसलेल्या आयाबहिणी माझ्यापेक्षा चांगले सांगतील. शाक्य आणि कोलिय या दोन शेजारी राज्यांच्या मधून रोहिणी वाहत होती आणि दोघांची शेती तिच्यावर होती. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या गड्यांची मारामारी झाली, माणसे जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघाची सभा बोलावली आणि कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि आठ वर्षे संघाचा सभासद होता. तो उठला. आपलीही माणसे पूर्वी आगळीक करत आली आहेत, आपणही निर्दोष नाही, असे त्याने भर सभेत सांगितले. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाच जणांनी तंटा मिटवावा, असा ठराव त्याने मांडला. ठरावाला अनुमोदन मिळाले, मतदान झाले आणि मोठ्या बहुमताने ठराव पडला.

विद्यार्थी मित्रांनो, इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. आता पुढच्या दिवसाकडे लक्ष द्या, कारण माझे सगळे भाषण त्या दिवसावर उभे आहे. दुसऱ्या दिवशी सेनापतीने नवा ठराव आणला : वीस ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात दाखल व्हावे. आदल्या दिवशी सिद्धार्थाच्या बाजूने मत देणारे काही जण होते ना? ते सगळे सभेत हजर होते. पण गप्प बसले. बहुमतापुढे मान तुकवायचे त्यांनी मनात ठरवले होते आणि तेही उघड बोलून दाखवण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते. सिद्धार्थ एकटा उठला आणि आपण या सैन्यात जाणार नाही, असे त्याने सांगितले. सेनापतीने धाक घातला : फाशी किंवा देशत्याग, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती. बहिष्कार आणि जप्ती या शब्दांचा अर्थ या सभेतल्या जुन्या माणसांना शब्दकोशात पाहावा लागणार नाही. घरच्यांचा दोष नाही, शिक्षा मला करा, असे म्हणून सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली.

पहिल्या दिवशी मत देऊन दुसऱ्या दिवशी गप्प बसणाऱ्या त्या शाक्यांची नावे बाबासाहेबांनी दिलेली नाहीत. ती द्यायची गरजही नाही. प्रत्येक देशात, प्रत्येक युद्धात ती माणसे असतातच.

१९१४ साली जर्मनीच्या लोकसभेत समाजवादी पक्ष सर्वांत मोठा होता. त्याचे ११० सभासद होते. जुलै महिन्यात याच पक्षाने युद्धाविरुद्ध मोठमोठ्या सभा भरवल्या. ४ ऑगस्टला युद्धखर्चाची मागणी मतदानाला आली तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने होकार भरला. पक्षाच्या आतल्या बैठकीत काही जणांनी विरोध केला होता, पण सभागृहात पक्षशिस्त पाळली. कार्ल लीब्कनेश्ट त्यांच्यातलाच एक. २ डिसेंबरला पुन्हा मतदान झाले तेव्हा तो एकटाच विरोधात राहिला. त्याला चार महिने लागले, पण तो उठला तरी.

त्या युद्धाचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे या एका गावातले ४६ जवान त्या महायुद्धात कामी आले. आपल्याकडची पोरे मराठा पलटणींतून त्या वेळच्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढली. कूत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा पडला, त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. घोड्यांचे मांस खाऊन दिवस काढल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्य शरण गेले आणि हजारो कैदी वाळवंटातून चालवत नेले गेले. त्यांना तिकडे पाठवायचे की नाही, हे कोणत्याही सभेत त्यांना विचारले नव्हते.

याच इराकवर पुढे आणखी दोन युद्धे झाली. त्या दोन्ही वेळी आपल्या देशातल्या पक्षांनी जे केले, त्याला मी लुटुपुटूची लढाई म्हणतो.

पहिले १९९१ चे. सद्दाम हुसेनने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेत घेतले. तिथे पोटापाण्यासाठी गेलेल्या लाखाच्या वर भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले, त्यात आपल्या महाराष्ट्रातली माणसेही होती. युद्धाच्या वेळी दिल्लीत चंद्रशेखर यांचे सरकार होते. त्यांच्यापाशी स्वतःचे साठेक खासदार, बाकी सगळा डोलारा काँग्रेसच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर. १७ जानेवारी १९९१ रोजी युद्ध पेटले. त्याच सुमारास अमेरिकेची लष्करी विमाने मुंबई, मद्रास आणि आग्रा येथे उतरून इंधन भरून घेतात, ही बातमी फुटली. अलिप्ततेचे धोरण सांगणाऱ्या देशाच्या विमानतळावर हे चालले होते. राजीव गांधींनी कडक टीका केली. फेब्रुवारीत इंधन देणे बंद झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस युद्धही संपले.

टीका चुकीची होती असे मी म्हणत नाही. तिचा परिणाम झाला, हेही मान्य केले पाहिजे. पण सरकारच्या खुर्चीचे पाय ज्याच्या हातात आहेत, त्याने खुर्ची न हलवता नुसता आवाज चढवायचा, याला काय म्हणावे? तो पाठिंबा शेवटी निघालाच, पण कशावरून? राजीव गांधींच्या घराबाहेर हरयाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडले, त्यावरून. ६ मार्चला चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. परक्या युद्धासाठी दिलेल्या इंधनाने जे सरकार पडले नाही, ते दोन शिपायांनी पडले. किंमत कशाला किती होती, ते यातून कळते.

दुसरे २००३ चे. २० मार्चला अमेरिका आणि ब्रिटन यांनी इराकवर हल्ला सुरू केला. वाजपेयींचे सरकार होते, काँग्रेस मुख्य विरोधी पक्ष होता. लोकसभेने ठराव करावा ही मागणी झाली आणि वाद एका शब्दावर अडला. विरोधकांना इंग्रजीतला कडक शब्द हवा होता, सरकारला मवाळ. अमेरिका दुखावता कामा नये आणि मतदारही दुखावता कामा नये. शेवटी तोड निघाली. ठराव हिंदीत करायचा आणि शब्द घालायचा 'निंदा'. सरकारने त्याचे इंग्रजी मवाळ करून सांगितले, विरोधकांनी कडक करून. एकच शब्द, दोघांच्याही सोयीचा. अध्यक्षस्थानी आपले मराठी माणूस मनोहर जोशी होते. मराठीत 'निंदा' म्हणजे पाठीमागे नावे ठेवणे. समोर उभे राहून करतात तो निषेध. त्या दिवशी सभागृहाने जे केले, त्याला मराठी अर्थच जास्त शोभतो, असे मला नेहमी वाटते.

तारीख लक्षात ठेवा : ८ एप्रिल. युद्ध सुरू होऊन जवळपास तीन आठवडे झाले होते. दुसऱ्याच दिवशी, ९ एप्रिलला बगदाद पडले. वरातीमागून घोडे म्हणतात ते याला. विरोधकांनी घरी जाऊन सांगितले असेल, आम्ही ठराव करायला लावला. खरे आहे. पण त्या ठरावाने कोणाचे एक विमान थांबले?

आता एक गोष्ट विरोधकांच्या बाजूने सांगतो, नाहीतर अन्याय होईल. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेने भारताकडे सैन्याची मागणी केली. सुमारे सतरा हजार जवानांची एक डिव्हिजन इराकमध्ये पाठवावी, असे बोलणे होते. सरकारमधले काही लोक तयार होते. तेव्हा मात्र विरोधी पक्ष वेळेवर आणि स्पष्ट बोलले, आणि १४ जुलै २००३ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य जाणार नाही, असा निर्णय झाला. विचार करा, ते सैन्य गेले असते तर कूतच्या वाटेवर पुन्हा कोणाची पोरे गेली असती? माण-खटावच्या घराघरांत भरतीला जाणारा एखादा मुलगा असतो. म्हणजे वेळेवर केलेल्या विरोधाला फळ येते, हे आपल्याच देशात घडलेले आहे. म्हणून तर बाकीच्या वेळच्या सोंगाचा राग येतो. यांना जमत नाही असे नाही.

बाहेरच्या देशांतही हेच. ब्रिटनच्या संसदेत १८ मार्च २००३ रोजी मतदान झाले. सत्ताधारी मजूर पक्षाच्याच १३९ खासदारांनी आपल्या पंतप्रधानांविरुद्ध मत दिले. आदल्या दिवशी रॉबिन कुक यांनी मंत्रिमंडळ सोडले होते. आणि विरोधी बाकांवरचा हुजूर पक्ष? त्याच्या बहुतेकांनी सरकारला साथ दिली. विरोधी पक्षनेत्याचा पगार घ्यायचा आणि मत सरकारला द्यायचे! अमेरिकेत १४ सप्टेंबर २००१ रोजी अध्यक्षांना युद्धाचा मोकळा अधिकार देणारा ठराव प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ मताने झाला. ते एक मत कॅलिफोर्नियातल्या बार्बरा ली या कृष्णवर्णीय बाईंचे होते. त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावे लागले. पुढे त्याच युद्धांना चुकीचे म्हणणारे त्यांच्या पक्षात शेकड्यांनी निघाले. त्या दिवशी ते कुठे होते?

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल आणि तो रास्त आहे. आपला समाज लष्करी परंपरेचा. १८९०च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा ती पुन्हा सुरू करा म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. मग आपण युद्धाला विरोध कसा करायचा?

बाबासाहेब सरसकट युद्धविरोधी नव्हते, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या पराभवाची गरज आहे असे त्यांना वाटले आणि ते तसे बोलले. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्यावर टीका झाली, ती त्यांनी अंगावर घेतली. उलट बाजूनेही असे सरळ वागणारे होते. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला, आणि त्यात त्यांची रोजी बुडाली. आपल्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारातल्या माणसांनी घरदार सोडून रानात दिवस काढले. यातल्या कोणाचे बरोबर, यावर तुम्ही वाद घाला, जरूर घाला. पण या तिघांपैकी कोणीही दोन अर्थांचा शब्द शोधत बसले नाही. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले तेव्हाही कारणे उघड सांगून सोडले. सैनिकाचा मान आणि युद्धाचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या घरातला जवान सीमेवर आहे, त्याला तर हा निर्णय कसा झाला हे विचारण्याचा हक्क सगळ्यांत आधी आहे.

पुढारी मंडळी गावात आली की आम्ही शांततावादी, असे सांगतात. तुम्ही शिकलेली मुले आहात. संसदेच्या कामकाजाचे वृत्तांत छापलेले असतात, ते वाचा. मत कोणत्या तारखेला दिले, गोळी सुटण्याआधी की नंतर? मतदान मागितले की नुसता आवाजी ठराव केला? पाठिंबा काढण्याची ताकद असताना काढला का? युद्धाला विरोध होता की फक्त युद्ध चालवण्याच्या पद्धतीला, खर्चाला, वेळेला? 'आम्हाला विश्वासात घेतले नाही' हे वाक्य ऐकलेत की समजा, विश्वासात घेतले असते तर यांनी होकार दिला असता.

सिद्धार्थ गेल्यावर कपिलवस्तूत काय झाले, हे पुष्कळ जण सांगायचे विसरतात. तो एकटा गेला, पण त्याच्या जाण्याने लोक खवळले. युद्धाविरुद्ध मोर्चे निघाले, लोकांनी संघाला जाब विचारला. संघाला पुन्हा सभा घ्यावी लागली आणि तंटा पंचांकडे गेला. शाक्य-कोलियांचा समेट झाल्याची बातमी सिद्धार्थाला राजगृहात पाच परिव्राजकांकडून कळली. सभेत पडलेला त्याचा ठराव रस्त्यावरच्या लोकांनी मंजूर करून घेतला होता. त्या मोर्चात आदल्या दिवशीचे गप्प बसलेले सभासदही सामील झाले असतील, कदाचित सर्वांत पुढेही चालले असतील.

अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे पाहिले आहे. विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायचे असतील तर मी खाली बसून उत्तरे देतो. जय भीम.