कैवारी नको, हक्क हवेत

(राजारामपुरी, कोल्हापूर इथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मित्र-मैत्रिणींनो, याच राजारामपुरीत आमच्या घरी दादीच्या खोलीत दोनच तसबिरी होत्या. एक मक्का-मदिनेची, दुसरी इंदिरा गांधींची. अब्बा म्हणायचे, "अम्मा, ती दुसरी काढ." दादी म्हणायची, "का काढू? तिने बांगलादेश सोडवला. गरिबाला बँकेची पायरी चढू दिली." मग अब्बा विचारायचे, "आणि आणीबाणीत नसबंदीच्या भीतीने तुझाच धाकटा रात्री शेतात जाऊन झोपायचा, ते विसरलीस?" दादी गप्प व्हायची. तसबीर मात्र तिथेच राहायची.

लहानपणी वाटायचं, दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. आज वाटतं, दोघंही खरंच बोलत होते.

दादीचं खरं होतं. १९६९ साली १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी निर्वासित आले. अमेरिकेच्या दबावाला न जुमानता इंदिराबाई ठाम राहिल्या आणि १६ डिसेंबरला बांगलादेश मुक्त झाला.

अब्बांचंही खरं होतं. १२ जून १९७५ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निवडणूक रद्द ठरवली आणि २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. लाखाहून अधिक माणसं अटकेत गेली. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाते इस्लामी, दोघांवरही बंदी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयक १९७६ साली आपल्याच महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणूनच त्याचा कायदा झाला नाही.

त्याच १९७५ साली शेजारी काय चाललं होतं? बांगलादेशाचे मुक्तिनायक शेख मुजीबुर रहमान यांनी जानेवारीत एकपक्षीय राजवट आणली. जूनमध्ये चारच वर्तमानपत्रं शिल्लक ठेवली. १५ ऑगस्टला लष्करातल्या काहींनी त्यांना कुटुंबासह ठार केलं. मग मुलगी शेख हसीना सत्तेवर आल्या आणि वडिलांचं नाव ढालीसारखं वापरू लागल्या. ऑगस्ट २०२४मध्ये हसीना पळाल्या आणि लोकांनी मुजीब यांचे पुतळे पाडले, त्यांचं घर जाळलं. आधी पूजा, मग पाडापाडी. शांतपणे हिशेब मांडायला मधे जागाच उरली नाही.

आपल्याकडे हिशेब मतपेटीने झाला. १९७७ साली लोकांनी इंदिराबाईंना हरवलं आणि १९८० साली परत निवडूनही दिलं. पण मतपेटी उघडेपर्यंत कुणीतरी बोलावं लागतं. डिसेंबर १९७५मध्ये इथून जवळच, कराडच्या साहित्य संमेलनात, दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून सेन्सॉरविरुद्ध बोलल्या. केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण त्या संमेलनाला हजर होते. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती शेवटी हुकूमशाहीकडे नेते. पुढच्याच वर्षी, ते हयात असताना, आपल्या बिंदू चौकात त्यांचा पुतळा उभा राहिला. आपण हार घालतो, इशारा विसरतो.

मीही विसरलो होतो. आमच्या वस्तीत एक पुढारी होते. दंग्याच्या दिवसांत रात्रभर नाक्यावर उभे राहून त्यांनी आम्हाला वाचवलं. पुढे त्यांनी जमातीची बैठक बोलावणंच बंद केलं. एका पोराने पैशांचा हिशेब मागितला, तर त्याला सगळ्यांसमोर बाहेर काढलं. मी तिथेच बसलो होतो. "यांचे आपल्यावर उपकार आहेत," असं मनाशी म्हणत गप्प बसलो. त्या पोराने नंतर आमच्यात येणंच सोडलं.

आपला समाज घाबरलेला आहे, म्हणून कैवारी शोधतो. मला ते कळतं. पण उपकाराची फेड आभाराने करावी, हक्क देऊन नव्हे. आणि ज्याचा आवाज दाबला जातोय तो आपल्या विचाराचा नसला, तरी आपण बोललं पाहिजे. १९७५ साली एकाच हुकमाने दोन टोकांच्या संघटना बंद झाल्या, हे लक्षात ठेवा.

दादी गेली. तसबीर मी काढलेली नाही. माझी मुलगी विचारते, "ह्या कोण?" मी तिला दादीची गोष्ट सांगतो, आणि चाचांचीही. तुमच्याही घरात अशी एखादी तसबीर असेल. आज घरी गेल्यावर तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी विचारा.