शुक्रवारची गाणी, हळदीची गाणी

मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या पैशावर अवलंबून न राहता कलाकाराने स्वतःच्या खर्चाने किंवा एखाद्या लहान लेबलच्या आधाराने काढलेले संगीत म्हणजे स्वतंत्र संगीत. शहरातली तरुण मंडळी त्याला ‘इंडी’ म्हणतात आणि हा शब्द उच्चारला की गिटार, पबमधला मंच आणि इंग्रजी-हिंदी गाणी एवढेच बहुतेकांना आठवते. व्याख्या नीट लावली तर चित्र बरेच मोठे होते. अंबरनाथजवळच्या मोरिवलीत, तिथल्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या वस्त्यांत किंवा बदलापूरकडच्या गावांत हळदीच्या रात्री वाजणारे ताजे आगरी गाणेही बहुधा स्वतंत्रच असते. ते लिहिणारा, गाणारा आणि यूट्यूबवर चढवणारा बरेचदा एकच असतो किंवा एकाच घरातला असतो. त्यामुळे नव्या स्वतंत्र संगीताचा माग ठेवायचा म्हणजे दोन वेगळी वेळापत्रके पाहावी लागतात. एक जगाचे, दुसरे गावचे.

जगाचे वेळापत्रक शुक्रवारचे आहे. 10 जुलै 2015 पासून बहुतेक देशांत नवे संगीत शुक्रवारी प्रकाशित होते. त्याआधी अमेरिकेत मंगळवार, ब्रिटनमध्ये सोमवार असे वेगवेगळे वार होते. एका देशात आलेला अल्बम दुसऱ्या देशात विक्रीला येण्याआधीच इंटरनेटवरून चोरवाटेने तिकडे पोहोचे. म्हणून ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सर्वांसाठी एकच वार ठरवला. भारतात स्पॉटिफाय फेब्रुवारी 2019 मध्ये आले, तोवर ही पद्धत रुळलेली होती. गुरुवारची मध्यरात्र उलटली की नवे अल्बम सेवांवर दिसू लागतात आणि शुक्रवारी सकाळच्या कर्जत लोकलमध्ये ते कानात वाजू लागतात. चाळीस मिनिटांचा अल्बम अंबरनाथला सुरू केला तर गाडी ठाण्याच्या आसपास असताना संपतो. नवा अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐकायला नोकरदार माणसाला याहून चांगली वेळ सहसा मिळत नाही.

शुक्रवारी गाणे ऐकू यावे म्हणून त्याची तयारी बरीच आधी सुरू होते. कलाकार थेट स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिककडे जाऊ शकत नाही. मध्ये वितरक लागतो. ट्यूनकोर, डिस्ट्रोकिड, सीडी बेबी ही त्यातली प्रसिद्ध नावे. वितरक प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक लावतो, मुखपृष्ठ आणि श्रेयनामावली घेतो आणि सगळे एकदम अनेक सेवांकडे पाठवतो. सेवेच्या संपादकांनी गाणे आपल्या यादीत घ्यावे असे वाटत असेल तर ते आधी त्यांच्याकडे जावे लागते. नव्या गाण्यांच्या वैयक्तिक यादीत हमखास जागा हवी असेल तर स्पॉटिफाय किमान सात दिवस आधी कळवायला सांगते. म्हणजे श्रोत्याला जे अचानक आल्यासारखे वाटते ते कुठेतरी आठवडा-दोन आठवडे रांगेत उभे असते. कलाकार या काळातच त्याची जाहिरात करतो. म्हणून आवडत्या कलाकाराचे इन्स्टाग्राम पाहणाऱ्याला बातमी आधी लागते आणि केवळ ॲपवर विसंबणाऱ्याला उशिरा.

नव्या गाण्याची खबर पोहोचवण्याची यंत्रणा तशी जुनी आहे. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गाइसबर्ग याने कोलकात्यात ध्वनिमुद्रण केले आणि भारतात तबकड्यांचा धंदा सुरू झाला. पुढे कंपन्या नव्या तबकड्यांची छापील पत्रके काढू लागल्या. दुकानदार ती काउंटरवर ठेवत, शौकीन खुणा करून नेत. ही पत्रके आज संशोधकांच्या कामाची झाली आहेत. मुंबईत 1990 साली सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या मंडळींनी जुन्या तबकड्यांबरोबर अशा कागदांचाही मागोवा घेतला. गेल्या वर्षी आलेल्या डिजिटल गाण्याची नेमकी तारीख शोधताना दमछाक होते, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीची माहिती मात्र कागदावर सापडते, हे थोडे चमत्कारिकच आहे.

खरी उलथापालथ कॅसेटने केली. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, नकला काढणे सोपे झाले आणि एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली. लहान कंपन्या जिल्ह्याजिल्ह्यात निघाल्या. लोकगीते, भीमगीते, कोळीगीते, देवीची गाणी, कव्वाल्या यांना स्वतःचा बाजार मिळाला. मूळचे मंगळवेढ्याकडचे आणि कल्याणला स्थायिक झालेले प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद शिंदे यांचे आवाज याच कॅसेटने गावोगाव नेले. वेसाव्याच्या काशीराम चिंचय यांच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ने कोळीगीतांना मुंबईबाहेर श्रोते मिळवून दिले. या बाजाराला शुक्रवार कधीच माहीत नव्हता. 6 डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या ठेल्यांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटी आणि नंतर सीडी मांडलेल्या असत. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेला माणूस चैत्यभूमीचे दर्शन घेऊन निघताना वर्षभराची नवी गाणी पिशवीत घालून परते. बातमी, दुकान आणि श्रोता एकाच मैदानात, एकाच दिवशी.

गावचे वेळापत्रक म्हणजे हेच, आणि डिजिटल जमान्यातही ते टिकून आहे. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरच्या पट्ट्यात ते अगदी उघड दिसते. तुळशीचे लग्न लागले की हळदीची गाणी येऊ लागतात, कारण त्यानंतर लग्नसराई सुरू होते आणि बेंजोवाल्यांना व डीजेवाल्यांना ताजा माल हवा असतो. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा. तिची गाणी त्याआधीच बाहेर पडलेली असतात, म्हणजे पायी आणि टेम्पोने निघालेल्या पालख्यांसोबत ती वाजतात. 14 एप्रिलच्या आधी भीमगीते, गोकुळाष्टमीच्या आधी गोविंदाची, भाद्रपदाच्या आधी गणपतीची. उल्हासनगर ही फाळणीनंतर वसलेली सिंधी वस्ती असल्याने चेटीचंडच्या सुमारास झूलेलालच्या नव्या गाण्यांची भर पडते. हे सारे पंचांगाने ठरते, आणि पंचांग पाहणाऱ्याला पुढच्या महिन्यात काय येणार याचा अंदाज कुठल्याही ॲपपेक्षा अचूक करता येतो.

आगरी लग्नात गाण्याची मूळ जबाबदारी धवलारणीची. विधी जसा पुढे सरकेल तसे धवले गाणारी ही बाई लग्नाची सूत्रधारच असते. तिची गाणी तोंडी परंपरेची. त्यांना प्रकाशनाची तारीख नाही आणि गायकाचे श्रेयही नाही. हळदीचे नवे गाणे त्याच मांडवात वाजते, पण त्याची चाल वेगळी आहे. हळदीच्या रात्री एखादे गाणे चालले की दुसऱ्या दिवशी दहा जण नाव विचारतात, आठवडाभरात ते शेजारच्या गावच्या मांडवात पोहोचते आणि तोवर कुणीतरी त्याचा डीजे मिक्सही काढलेला असतो. अनेकांना आधी मिक्स ऐकू येतो आणि मूळ गाणे नंतर सापडते. अशा गाण्याचा माग ठेवायचा तर बेंजो पथकातल्या एखाद्याची ओळख असलेली बरी.

यूट्यूब हे या संगीताचे मुख्य घर. वाहिनीला सबस्क्राइब करणे पुरेसे नसते. घंटेवर ‘सर्व’ हा पर्याय निवडला तरच प्रत्येक गाण्याची सूचना येते, नाहीतर कोणती सूचना पाठवायची हे यूट्यूब स्वतः ठरवते. आणखी एक गोम आहे. वितरकामार्फत आलेला अल्बम यूट्यूबवर कलाकाराच्या नावापुढे ‘टॉपिक’ लिहिलेल्या, आपोआप तयार झालेल्या वाहिनीवर जातो. तिथे व्हिडिओ नसतो, नुसते मुखपृष्ठाचे स्थिर चित्र असते. ज्या दोन गाण्यांचे व्हिडिओ काढले ती कलाकाराच्या वाहिनीवर गाजतात आणि उरलेली आठ टॉपिकवर गुपचूप पडून राहतात. अल्बम पूर्ण ऐकायचा असेल तर तिकडे जावे लागते.

स्पॉटिफायवर दर शुक्रवारी ‘रिलीज रडार’ ही यादी नव्याने बनते. श्रोत्याने ज्यांना फॉलो केले आहे त्यांची नवी गाणी तिच्यात आधी येतात. पण एका कलाकाराचे एकच गाणे येते, त्यामुळे दहा गाण्यांचा अल्बमही यादीत एका ओळीपुरता दिसतो. म्हणून गाणे ऐकून पुढे न जाता कलाकाराचे पान उघडून ते सुटे आहे की अल्बमातले, हे पाहायला हवे. संगीतसेवांचा हिशेब साधारण असा: तीनपर्यंत गाणी म्हणजे सिंगल, चार ते सहा म्हणजे ईपी, सात किंवा त्याहून अधिक गाणी किंवा अर्ध्या तासापेक्षा जास्त लांबी म्हणजे अल्बम.

मराठी स्वतंत्र संगीतात सिंगलचे राज्य आहे. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ 2024 मध्ये देशभर पोहोचले ते सुटे गाणे म्हणूनच. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढले. मराठी शब्दांचे हाउस संगीत युरोपातल्या नृत्यसंगीताच्या लेबलवर आले, तेही एकटेच. अल्बमचा खर्च मोठा, आणि आठ गाणी एका दिवशी दिली तर पुढचे आठ महिने वाहिनी रिकामी राहते हा हिशेब कलाकाराला टाळता येत नाही. तरीही अल्बम निघतात आणि नेमके तेच सुटतात. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या बहुभाषक रॅप गटाचा ‘चेतावनी’ हा अल्बम 2020 मध्ये आला. आरेच्या जंगलातले वारली कलाकार प्रकाश भोईर यांच्यासोबत या गटाने केलेले ‘वारली रिव्होल्ट’ अनेकांनी ऐकलेले असते, अल्बम मात्र थोड्यांनी. दोष श्रोत्याचा म्हणावा तर यंत्रणा त्याला गाणे दाखवते, अल्बम दाखवत नाही.

मराठी नावे रोमन लिपीत शोधणे ही वेगळी डोकेदुखी. आगरी हा शब्द एका ए-ने लिहितात आणि दोन ए-नीही, हळदीचेही तेच. एकाच गायकाची दोन वितरकांकडून दोन वेगळ्या स्पेलिंगने नोंद झाली की सेवेत त्याची दोन पाने तयार होतात, आणि एका पानाला फॉलो करणाऱ्याला दुसऱ्यावरचे नवे गाणे दिसतच नाही. क्वचित दोन वेगळ्या माणसांची गाणीही एकाच पानावर चिकटतात. देवनागरीतून शोध घेऊन पाहावा, त्यातून बरेचदा वेगळे निकाल मिळतात. श्रेयनामावली उघडून संगीतकाराचे आणि लेबलचे नाव पाहणे हा त्याहून भरवशाचा मार्ग. गायक बदलतात, पण चांगल्या संगीत संयोजकाच्या मागे गेले की चार नवे गायक सापडतात.

यंत्राच्या निवडीला पूरक म्हणून माणसांची निवड लागतेच. ‘एव्हरी नॉइज ॲट वन्स’ या संकेतस्थळावर हजारो संगीतप्रकारांनुसार दर शुक्रवारची नवी प्रकाशने लावलेली मिळत. ते चालवणारे ग्लेन मॅकडॉनल्ड यांची डिसेंबर 2023 मध्ये स्पॉटिफायमधली नोकरी गेली आणि माहितीचा ओघ थांबला. एका माणसाच्या हौसेवर जगभरच्या श्रोत्यांची सोय उभी होती हे तेव्हा लक्षात आले. भारतात 2013 पासून रेडिओ सिटीने स्वतंत्र संगीतासाठी पुरस्कार सुरू केले. त्यांची नामांकने म्हणजे सुटलेल्या अल्बमांची चांगली उजळणी. बँडकॅम्पवर कलाकाराला किंवा लेबलला फॉलो केले की नव्या अल्बमचा थेट ईमेल येतो, मधे कुठला हिशेबी पडदा नाही. 20 मार्च 2020 पासून ही सेवा काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडते, म्हणून अनेक कलाकार नवे काम मुद्दाम त्या दिवशी काढतात. मराठी संगीत मात्र तिथे अजून तुरळक आहे.

आलेले संगीत जागेवर राहीलच असेही नाही. काही वितरक वर्षाची वर्गणी घेतात. ती थकली की गाणी सेवांवरून उतरतात. सीडी बेबीसारखे काही प्रत्येक प्रकाशनामागे एकदाच पैसे घेतात. 2024 मध्ये विंक म्युझिक ही संगीतसेवा बंद झाली आणि वापरणाऱ्यांनी तिथे जमवलेल्या याद्या तिच्याबरोबर गेल्या. ज्याला नवे अल्बम नियमाने ऐकायचे आहेत तो म्हणून वहीत किंवा फोनच्या नोंदींत चार गोष्टी लिहून ठेवतो: अल्बमचे नाव, कलाकार, लेबल आणि प्रकाशनाची तारीख. जे फार आवडले ते विकत मिळत असेल तर विकत घेऊन फाइल स्वतःकडे ठेवतो. हळदीच्या गाण्यांच्या बाबतीत गाण्याच्या नावाशेजारी वाहिनीचे नावही लिहावे लागते, कारण तेच गाणे पुढच्या मोसमात तीन वेगळ्या वाहिन्यांवर तीन वेगळ्या नावांनी पुन्हा येते आणि त्यातले पहिले कोणते हे नंतर सांगता येत नाही.